वजनकाट्यावर लगेच बसू नको, भाऊ
हृदयाच्या नळीत स्टेंट बसला, डॉक्टरांनी कामावर जायला फिटनेस दिला, बरं झालं. पण नोव्हेंबरात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, वजनकाटा म्हणजे काय, ते मी भोगलंय. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, भावावरून वाद, वरून मालकाचे फोन. नुसता बसून असायचो, तरी छाती धडधडायची. ताणात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी अन् बीपी चढतं, हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो. बोलणी सगळी आपण खायची अन् हातात काहीच नाही, असं काम सर्वांत वाईट. म्हणून मालकाशी आधीच बोल: सुरुवातीला अर्धा दिवस, काट्याऐवजी हिशेबाची वही. मी लाजलो अन् परत भरती झालो. रक्त पातळ करायची गोळी सीझनच्या गडबडीत चुकवू नको. अन् खर्रा, ती तंबाखू-सुपारी? तो तर सोडलाच असशील ना, बाप्पा!