‘तें आयलें’ आणि एक-चौदा : लिहिणाऱ्यांचे प्रश्न

कथा-कादंबरी लिहिणाऱ्या वाचकांनी गेल्या दोन महिन्यांत पाठवलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. उत्तरं संपादक मंडळाची.

माझी कादंबरी गोव्यातल्या घरात घडते. निवेदन मराठीत आणि संवाद कोंकणीत आहेत. पुण्याचे संपादक म्हणतात, संवाद मराठीत करा, नाहीतर पानोपानी तळटीपा द्या. मन दोन्हीला तयार नाही. (फोंडा)

दोन्ही करू नका. गोव्यातल्या कितीतरी हिंदू घरांत बोलणं कोंकणीत चालतं, तर वर्तमानपत्र, कीर्तन, नाटक मराठीत. तुमच्या पात्रांचं जगणंच दोन भाषांत आहे. संवाद प्रमाण मराठीत आणले तर घर गोव्याचं राहणार नाही, आणि तळटीप आली की वाचक दर वेळी गोष्टीतून बाहेर पडतो.

शब्दांची आधी विभागणी करा. काही शब्दांचा अर्थ शेजारच्या कृतीतून उलगडतो. ‘पोदेराचा भोंपू ऐकून ती पिशवी घेऊन धावली, पोई अजून गरम होत्या’ एवढं लिहिलं की पोदेर म्हणजे पाववाला, हे नागपूरच्या वाचकालाही कळतं. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेला), भाटकार (जमीनमालक), खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), मानस (तिथलं पाणी अडवायचं-सोडायचं दार) हे शब्द मात्र संदर्भाने पुरते उलगडत नाहीत, कारण त्यांच्यामागे एक अख्खी व्यवस्था आहे. असा शब्द पहिल्यांदा येतो तिथेच पात्राच्या तोंडी एक वाक्य घाला : ‘घर आमचें, सकयली जमीन भाटकाराची.’ पुढे दोनशे पानं तो शब्द मोकळेपणाने वापरा. सलग कोंकणी दोन-तीन वाक्यांहून लांबली की अनोळखी वाचक दमतो. लांब बोलण्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य कोंकणीत ठेवा, मधलं निवेदनात घ्या.

कोणाची कोंकणी, तेही आधी ठरवा. साष्टीतल्या ख्रिस्ती घरातली मुलं ‘मांय’ आणि ‘पाय’ म्हणतील, फोंड्याच्या हिंदू घरातली तसं म्हणणार नाहीत. एकाच कुटुंबात दोन्ही मिसळलं तर गोव्याचा वाचक पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटेल.

खरी काळजी मुद्रितशोधनाच्या वेळी घ्यायची. मराठी शुद्धलेखनाच्या १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्या सवयीने मुद्रितशोधक तुमच्या कोंकणी संवादांतलेही अनुस्वार पुसतो. पण कोंकणीत ते उच्चारले जातात आणि त्यांनी अर्थ बदलतो. ‘तें आयलें’ म्हणजे ती मुलगी आली. ‘ते आयले’ म्हणजे ते पुरुष आले. कोंकणीत लहान किंवा तरुण मुलीसाठी नपुंसकलिंग वापरतात, हे ठाऊक नसलेला मुद्रितशोधक ‘तें आयलें’चं ‘ती आयली’ही करेल, आणि तुमची सोळा वर्षांची मुलगी एका ओळीत प्रौढ बाई होईल. म्हणून हस्तलिखितासोबत एका पानाचं शब्दपत्रक पाठवा : शब्द, अर्थ, आणि ठळक अक्षरांत ‘बदलू नये’. तीस-चाळीस शब्द पुरेत, त्याहून लांब यादी कोणी वाचत नाही. शेवटचं प्रूफ स्वतः पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.

माझ्या दीर्घकथेत वडील वारल्यावर भावंडांत घरावरून वाद होतो. संपादकांनी समासात लिहिलं : ‘बापाने मृत्युपत्र करून सगळं मुलाला दिलं असं करा, गोष्ट आटोपशीर होईल.’ शिवाय ‘एक-चौदा’चं ‘सातबारा’ केलं. (म्हापसा)

महाराष्ट्रात ही सूचना चालली असती, कारण हिंदू वारसा कायद्याखाली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते. गोव्यात तसं होत नाही. इथे पोर्तुगीज काळातल्या १८६७च्या नागरी संहितेतून आलेली पद्धत चालते, आणि वारशाबद्दल आता गोव्याचा २०१२चा स्वतंत्र कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक ठरते आणि निम्मी पत्नीची असते. पतीच्या निम्म्यातलाही अर्धाच भाग तो मृत्युपत्राने हवा तसा देऊ शकतो. उरलेला मुलामुलींना समान जातो.

घराचे चार वाटे धरा. दोन आईचे आणि दोन वडिलांचे. वडिलांच्या दोनपैकी एकच वाटा ते मुलाच्या नावे करू शकतात. दुसऱ्या वाट्याचे, एक मुलगा आणि दोन मुली असतील तर, तीन समान भाग पडतात. मुलींना पुरतं वगळायला कायद्याने सांगितलेली ठरावीक कारणंच लागतात. स्थावर विकताना पती-पत्नी दोघांच्याही सह्या हव्यात. म्हणजे भाऊ घर विकायला निघाला तर वहिनीने सही नाकारली की व्यवहार अडतो. आटोपशीर मृत्युपत्रापेक्षा या जागी कितीतरी जास्त नाट्य आहे, आणि ते खास इथलं आहे. संपादकांना हे चार वाटे चार ओळींत लिहून पाठवा. बहुतेक संपादक कारण कळलं की ऐकतात.

‘एक-चौदा’ तर बदलूच देऊ नका. गोव्यात जमिनीचा उतारा नमुना एक आणि चौदाचा असतो. ‘सातबारा’ वाचला की इथल्या वाचकाचा कथेवरचा विश्वास तिथेच उडतो. ‘मामलेदार’चं ‘तहसीलदार’ झालं आहे का, तेही पाहून घ्या. आणि गोष्ट १९६१च्या आधीची असेल तर पैशांचं नाव तपासा. पन्नाशीच्या दशकाअखेरीस इथे रुपया जाऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपया. अशा तपशिलांसाठी पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळणं सगळ्यात भरवशाचं.

दिवाळी अंकांना कथा पाठवते. होकार नाही, नकारही नाही. (डिचोली)

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुमारास पाठवत असाल तर अंकाची पानं तोवर लागलेली असतात. कथा मे-जूनमध्ये पोचायला हवी, कारण निवड साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होते. विषयाच्या ओळीत ‘दिवाळी अंकासाठी कथा’, शीर्षक आणि शब्दसंख्या. मजकुरात तीन-चार ओळी, त्यात कथेचा सारांश नको. कथा युनिकोडमध्ये, सोबत पीडीएफ प्रत.

एक कथा एका वेळी एकाच अंकाला. साठ दिवस थांबा, मग एकदा विचारा. आणखी पंधरा दिवस काही आलं नाही तर ‘ही कथा मी मागे घेत आहे’ असं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा. हे पत्र राहून गेलं तर तीच कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत छापून येऊ शकते, आणि मग दोन्ही दारं बंद होतात. मानधनाचं कथा स्वीकारल्याचं कळल्यावर लगेच विचारा, त्यात संकोच नको. अंकात छापली म्हणून कथेचा हक्क अंकाकडे जात नाही. लेखी दिला असेल तरच जातो.

प्रकाशक म्हणतात, साठ हजार द्या, ५०० प्रती काढू, १०० तुम्हाला. उरलेल्यांवर दहा टक्के रॉयल्टी, हक्क त्यांच्याकडे. सही करू का? (मडगाव)

या अटींवर नको. हिशेब मांडून पाहा. किंमत २५० रुपये धरली आणि तुमच्या शंभरही प्रती पूर्ण किमतीला विकल्या, तर हाती २५,००० येतात. उरलेल्या ४०० सगळ्या खपल्या तरी प्रतीमागे २५ रुपये म्हणजे १०,०००. सगळं उत्तम होऊनही तुम्ही २५,०००ने खाली, आणि हक्क गेला तो वेगळाच. पैसे तुमचे असतील तर प्रती आणि हक्कही तुमचेच राहायला हवेत, प्रकाशकाने सेवेचा मोबदला घ्यावा. हक्क त्यांना हवे असतील तर छपाईचा खर्च त्यांचा. यांतलं एक निवडायला सांगा.

साठ हजार हा आकडा कुठून आला तेही कळायला हवं. तुमचं पुस्तक साधारण ४२,००० शब्दांचं धरा, डेमी आकाराच्या पानाला २८० शब्द, म्हणजे १५० पानं. शीर्षकपान, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका धरून १६०, म्हणजे १६ पानी दहा फॉर्म. दोन-तीन छापखान्यांकडून एकच तपशील देऊन दर मागवा : डेमी, १६० पानं, आत ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड मॅपलिथो, मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, ५०० प्रती, दोऱ्याची शिलाई. शिलाईचा उल्लेख राहिला तर दर नुसत्या गमाच्या बांधणीचा येतो आणि तुलना फसते.

आता करारनामा. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतं, पण लेखक ते वाचत नाहीत. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो. मात्र करारात वेगळं लिहिलं असेल तर तसं होत नाही, म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमं’ हे शब्द कुठे दडलेत ते शोधा आणि खोडा. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांची नावं वेगवेगळी घ्या. द्यायचे नसतील तर ‘लेखकाकडे राखीव’ असं स्पष्ट लिहा. रॉयल्टी छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर, हा सर्वांत महागात पडणारा मुद्दा. दुकानाला ४० टक्के सूट दिली तर २५० रुपयांतले १५०च प्रकाशकाकडे येतात, आणि तुमचे २५ रुपये १५ होतात. शिवाय दर आवृत्तीच्या प्रतींचा आकडा, वर्षातून एकदा विक्रीचं लेखी विवरण, आणि शिल्लक प्रती रद्दीत काढण्याआधी तुम्हाला विचारणं, ही तीन कलमं हवीतच. ती घालायला जो नकार देतो, त्याच्याकडे पुस्तक देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्वतःच पुस्तक काढतोय. आयएसबीएनसाठी एकाने पाच हजार मागितले. (वास्को)

देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी पुस्तकाचा हा ओळखक्रमांक विनामूल्य देते आणि लेखकालाही स्वतःच्या नावे अर्ज करता येतो. छापील प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात, बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणाला तोच चालतो. प्रकाशक तुम्हीच असल्यामुळे १९५४च्या कायद्याने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशनापासून ३० दिवसांत एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची. प्रताधिकाराची नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो.

‘दर्या’ लिहिलं, छापून ‘दऱ्या’ आलं. कोळ्याची अख्खी कथा डोंगरात गेली. (वाळपई)

मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांची अदलाबदल होते. उलटही घडतं : ‘किनाऱ्यावर’चं ‘किनार्यावर’. हा ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी टाइप होतो. एकात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतं. काही सॉफ्टवेअर ते चिन्ह गाळतात आणि रफार उमटतो. म्हणून इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग ‘य’ असंच टाइप करा, त्यात गळण्यासारखं काही नाही. पानं लावणाऱ्याने इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय सुरू ठेवला नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी सरकते. प्रूफ आलं की वाचायला बसण्याआधी ‘र्य’, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’, ‘ऑ’ एकेक शोधून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

शाळेची नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण. लिहायला वेळ कुठून काढू? (काणकोण)

रोज ४० मिनिटं, २५० शब्द. आठवड्याचे पाच दिवस सांभाळलेत तर साधारण आठ महिन्यांत ४२,००० शब्द होतात. वाक्य अर्धं ठेवून उठा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येत नाही. चवथ आणि शिगम्याचे दिवस आधीच हिशेबातून वगळा. त्या दिवसांत लिहिणं होत नाही, आणि न झाल्याचा अपराधी भाव नंतरचा आठवडाही खातो. घरी वेळ स्पष्ट सांगून ठेवा. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा कागदावर लावल्या असतील ना, त्याच कागदावर तुमचीही वेळ लिहा.

याच पत्रात शेवटी विचारलं आहे की पहिल्या पुस्तकाच्या दीडशे प्रती खोलीत पडून आहेत आणि मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला वळली आहेत, काय करू. लॅमिनेशन बाहेरून असतं. आतली कोरी बाजू पावसाळी हवेतली ओल पिऊन फुगते, बाहेरची फिल्म फुगत नाही, म्हणून कव्हर वळतं. उन्हात टाकू नका, गम सुटेल आणि कागद पिवळा पडेल. दहा-दहा प्रती कण्याची बाजू एकदा इकडे, एकदा तिकडे अशा आलटून पालटून रचा, वर सपाट फळी आणि वजन ठेवा, पंखा चालू ठेवा. गठ्ठे जमिनीपासून अर्धा फूट उंच, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. वाळवी त्याच भिंतीतून चढते.