दह्यातलं लॅक्टिक आम्ल प्रोपिऑनिक आम्लापेक्षा तीव्र का?

दोन्हींत कार्बन तीनच, कार्बॉक्सिल गटही (–सीओओएच, प्रोटॉन देणारा आम्ल गट) एकच. फरक एवढाच की लॅक्टिक आम्लात कार्बॉक्सिलच्या शेजारच्या कार्बनवर एक हायड्रॉक्सी गट (–ओएच) बसलेला असतो. त्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋण प्रभार थोडा पसरतो आणि आयन स्थिर होतो. पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा; एकाने कमी झाला की आम्ल दहापट तीव्र) बघा: प्रोपिऑनिक ४.८७, लॅक्टिक ३.८६. म्हणजे जवळपास दहापट तीव्र. हाच गट एक कार्बन पुढे सरकवला की पीकेए ४.५ च्या आसपास जातो. ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते.

परीक्षेत मात्र बहुतेकजण अडखळतात ते अशी हायड्रॉक्सी आम्लं तापवल्यावर काय होतं यात, आणि खरी गंमतही तिथेच आहे. अल्फा-हायड्रॉक्सी आम्लाचे (–ओएच कार्बॉक्सिलच्या लगतच्या कार्बनवर, जसं लॅक्टिक) दोन रेणू एकमेकांना एस्टर बंधांनी (एकाचा –ओएच आणि दुसऱ्याचा कार्बॉक्सिल जुळून) जोडले जाऊन लॅक्टाइडचं सहा अणूंचं वलय बनतं. बीटामध्ये (–ओएच एक कार्बन पुढे) सरळ पाणी निघून जातं आणि दुहेरी बंध येतो. गॅमा आम्ल (–ओएच दोन कार्बन पुढे) स्वतःचीच शेपटी धरून पाच अणूंचं लॅक्टोन (वलयाच्या आकाराचं एस्टर) बनवतं, आणि तेही इतक्या सहज की मोकळं आम्ल टिकवणंच अवघड. पाठ करू नका, कागदावर वलयं काढून अणू मोजा.