मोकाट उंटांचं करायचं काय?

प्रश्न : ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरमधून उंटांना गोळ्या घालतात हे वाचून वाईट वाटलं. तिथे उंट आले कुठून? आणि मारण्यापेक्षा पकडून राजस्थानात का पाठवत नाहीत? तिथे तर ते घटत चाललेत.

उत्तर : त्यातल्या पुष्कळांचे पूर्वज आपल्याच बाजूने गेलेत! पहिला उंट १८४० साली कॅनरी बेटांवरून उतरला, पण मोठी आयात झाली ती पुढे कराचीमार्गे. १८६६मध्ये टॉमस एल्डर या जमीनदाराने एकदम शंभरावर उंट आणले. सोबत बलुच, पठाण, पंजाबी उंटवाले गेले. गोऱ्यांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणून टाकलं. तारायंत्राचं सामान, लोकरीच्या गासड्या, पिण्याचं पाणी, सगळं या उंटांनी वाळवंटात वाहिलं. १९२०च्या दशकात ट्रक आले आणि उंट बिनकामाचे ठरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५मध्ये उंट मारायला मुभा देणारा कायदाच केला. पोसलेल्या जनावरावर बंदूक धरायला अनेकांचा हात धजावला नाही, त्यांनी ती रानात सोडली. मी तरी त्यांना दोष देणार नाही.

पण मोठ्या उंटाला हात लावेल असं शिकारी जनावर तिथे नाही आणि बहुतेक झाडंझुडपं त्याला चालतात. साधारण नऊ वर्षांत संख्या दुप्पट होत गेली. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटर पाणी पितो. दुष्काळात कळप पाणवठ्यावर तुटून पडतात, चेंगरून मरतात आणि उरलेलं पाणी नासतं. हे पाणवठे तिथल्या आदिवासींसाठी पवित्र आहेत. जानेवारी २०२०मध्ये अनंगू आदिवासींच्या मुलखात पाच हजारांवर उंट मारले गेले, ते तिथल्याच लोकांच्या तक्रारींवरून. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी उंट घरांना धडका देत होते. लांबून हळहळणं आपल्याला सोपं आहे.

आता पकडण्याचं. रस्ताच नसलेल्या शेकडो किलोमीटरच्या वाळूतून कळप हाकून आणायचा, तर जनावराच्या किमतीपेक्षा वाहतूकच महाग पडते. त्यापुढे जहाज, विलगीकरण, रोगतपासणी. आणि राजस्थानात उंट घटले ते पाळणं परवडेना म्हणून. गायरानं आक्रसली, ओझ्याची कामं गेली. तिथे आणखी उंट उतरवून उंट पाळणाऱ्या रायका लोकांचं काय भलं होणार?

जिथे ट्रक पोचतो तिथे काही आदिवासी वस्त्या कळप कोंडून मांसासाठी विकतात. मला हा मार्ग गोळीपेक्षा बरा वाटतो, निदान पैसा त्यांच्या हाती राहतो.