टाक्यांच्या जागेतून पाणी येतंय, ताप नाही, तरी इन्फेक्शन?

प्रश्न: सासूबाईंचा (वय ६८, शुगर आहे) उजवा खुबा मागच्या वर्षी बदलला. आधी छान चालायच्या, सारसबागेत फेरी मारून यायच्या, मग जांघेत दुखायला लागलं आणि आता टाक्यांच्या खालच्या टोकाला फोडासारखं झालंय. रोज सकाळी गाऊनवर रुपयाएवढा पिवळा डाग असतो. जवळचे डॉक्टर पाच दिवस अँटिबायोटिक देतात, डाग थांबतो, पंधरा दिवसांनी परत सुरू. ताप नाही, एक्स-रे नॉर्मल आहे. मग काळजीचं आहे का?
– एक वाचक, धायरी

उत्तर: हो ताई, आहे. तो फोड आत सांध्यापर्यंत पोचलेला निघाला तर इन्फेक्शन नक्कीच धरतात, मग बाकी रिपोर्ट काही का येईनात. ताप नाही यावर अजिबात जाऊ नका, जुन्या इन्फेक्शनमध्ये तो बऱ्याचदा नसतोच, एक्स-रेही सुरुवातीला साफ दिसू शकतो, आणि खुबा इतका खोल असतो की गुडघ्यासारखी सूज वरून कळत नाही. त्यांना विचारा, उठून पहिली चार पावलं टाकतानाच दुखतं की रात्री पडल्या पडल्याही ठणकतं? ठणकत असेल तर माझा संशय अजून वाढेल.

मला खरी काळजी त्या गोळ्यांची वाटते. त्याने जंतू मरत नाहीत, दबतात, आणि नंतर तपासणीत सापडतच नाहीत! म्हणून ऑपरेशन केलेल्या सर्जनना याच आठवड्यात गाठा आणि त्यांना विचारल्याशिवाय नवीन कोर्स सुरू करू नका. ते ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करतील (सीआरपी साधारण १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर म्हणजे संशय, पण काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथे तेच १ होतं, तेव्हा युनिट बघा), पण हे नॉर्मल आले म्हणून विषय संपत नाही. मुख्य तपासणी म्हणजे सोनोग्राफीत बघून सुईने सांध्यातलं पाणी काढणं, त्यातल्या पेशी मोजणं आणि कल्चर, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. शक्य असेल तर त्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात आणि कल्चर १४ दिवस ठेवायला सांगतात, कारण काही जंतू फार हळू वाढतात. फोडावरचा नुसता स्वॅब पुरत नाही, त्यात कातडीवरचेच जंतू येतात.

थंडी वाजून ताप आला, ग्लानी आली, तर मात्र यातल्या कशासाठीही थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.

जाताना गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स, डागाचे फोटो आणि ऑपरेशनच्या फाईलमधलं इम्प्लांटचं (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) स्टिकर बरोबर ठेवा.