डंकर्कचे सैनिक खरोखर होड्यांनी वाचवले का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्कला जर्मन वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश सैन्याला सामान्य ब्रिटिश नागरिकांनी मच्छीमार होड्या आणि सहलीच्या नौका नेऊन सोडवले, असे नेहमी वाचनात येते. हे कितपत खरे आहे?

उत्तर : होड्या गेल्या होत्या हे खरे, पण सुटकेचा मोठा भार त्यांनी वाहिला नाही. २६ मे ते ४ जून १९४० या काळात ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडला पोहोचले. त्यांपैकी सुमारे २ लाख ३९ हजार डंकर्कच्या बंदरातून आणि सुमारे ९९ हजार वाळूच्या किनाऱ्यावरून निघाले.

बॉम्बहल्ल्यांनी बंदरातील गोद्या निकामी झाल्या होत्या, आणि किनारा इतका उथळ होता की मोठ्या जहाजांना दूरवरच थांबावे लागे. सैनिक खांद्याएवढ्या पाण्यात रांगा लावून तासन्‌तास उभे राहत. अशा वेळी किनाऱ्यावरील व्यवस्थेची जबाबदारी असलेले नौदलाचे कॅप्टन विल्यम टेनंट यांचे लक्ष बंदराच्या पूर्वेकडील बांधाकडे गेले. हा बांध लाटा अडवण्यासाठी होता, जहाजे लावण्यासाठी नव्हे. त्यावरची लाकडी वाट जेमतेम चार माणसे शेजारी शेजारी चालतील एवढीच, आणि भरती-ओहोटीमुळे पाणी कित्येक फूट वरखाली होई. २७ मेच्या रात्री टेनंट यांनी ‘क्वीन ऑफ द चॅनेल’ हे प्रवासी जहाज बांधाला लावून पाहिले. तिथून सैनिक चढवता येतात हे सिद्ध झाले, आणि पुढे विनाशिकांची, म्हणजे वेगवान युद्धनौकांची, रीघ लागली. (ते जहाज मात्र दुसऱ्याच दिवशी परतीच्या वाटेवर बॉम्ब पडून बुडाले.)

होड्यांचे खरे काम किनाऱ्यापासून जहाजापर्यंत माणसे पोहोचवण्याचे होते. ते जोखमीचे आणि मोलाचे होते. पण अनेक होड्या नौदलाचेच लोक हाकत होते, हे सांगायचे राहून जाते. ओहोटीच्या वेळी सैनिकांनी मालमोटारी ओळीने वाळूत उभ्या करून त्यांवर फळ्या टाकल्या आणि भरतीसाठी धक्के तयार केले, ही युक्ती मला तरी होड्यांहून अधिक विलक्षण वाटते. डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारांतून सगळ्याची सूत्रे हलवणारे व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅम्झी यांचे नावही सहसा कुणाच्या ओठी नसते.

‘ब्रिटिश सैन्य’ या शब्दांतही दुरुस्ती हवी. सुटलेल्यांत १ लाख २० हजारांहून अधिक मित्रराष्ट्रांचे, मुख्यतः फ्रेंच सैनिक होते, आणि आपल्याकडून गेलेल्या, खेचरांवरून सामान वाहणाऱ्या पलटणींमधले भारतीय जवानही होते. पिछाडी सांभाळणारे हजारो फ्रेंच सैनिक मात्र मागेच राहून जर्मनांच्या कैदेत गेले. ४ जूनच्या पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी फ्रेंच सैनिकांना घेऊन डंकर्क सोडणाऱ्या शेवटच्या विनाशिकेचे नाव होते ‘शिकारी’. शब्द आपलाच, जहाज ब्रिटिश नौदलाचे.