साउंडबारला एचडीएमआय लावली, तरी टीव्हीचा आवाज बारमधून का येत नाही?

भाऊ, नवीन केबल आणायला जळगावच्या बाजारात जाण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघा. पोर्ट तीन असले तरी बहुतेक एकाच्याच शेजारी बारीक अक्षरांत ‘एआरसी’ (ARC) किंवा त्याचीच सुधारित आवृत्ती ‘ईएआरसी’ (eARC) लिहिलेलं असतं. एचडीएमआयवाटे टीव्हीचा आवाज फक्त तिथूनच बाहेर पडतो. बारवरही त्याच नावाचं पोर्ट वापरा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (CEC, म्हणजे टीव्ही आणि बार एचडीएमआयवरून एकमेकांना चालवू शकतात ती सोय) चालू करा. भुसावळला आमच्या घरी हे शेवटचंच राहिलं होतं.

एआरसीची सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ पासूनची. टीव्ही त्याहून जुना असेल तर ऑप्टिकल केबल (उजेडातून आवाज नेणारी) लावा; टोकावरचं प्लॅस्टिकचं टोपण मात्र आधी काढा. टीव्हीत खोचल्यावर दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसायला हवा. ऑप्टिकलवर डॉल्बी ५.१ (चहूबाजूंनी येणारा आवाज) चालतं, अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखं वाटतं तो डॉल्बीचा प्रकार) नाही.