फोन हिसकावलास, आता पुढे काय

अगं,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. मुलाच्या हातातून फोन हिसकावलास, तो दार आपटून आत गेला आणि तेव्हापासून बोलत नाहीये. तू वाईट आई आहेस असं मनात आणू नकोस. मीही हेच केलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून एवढं लिहितेय.

माझी मुलगी 14 वर्षांची असताना मी तिचा फोन कपाटात कुलूप लावून ठेवला, मला वाटलं सुटली सवय. तिनं मैत्रिणीच्या फोनवर दुसरं अकाउंट काढलं, तिथं एक अनोळखी माणूस तिच्याकडे फोटो मागत राहिला आणि तिनं चार महिने मला काहीच सांगितलं नाही, का तर आई पुन्हा फोन काढून घेईल. हे तिचं वाक्य मला आजही टोचतं. त्रास त्या माणसानं दिला पण तिला एकटं मी पाडलं होतं गं.

म्हणून आधी हिसकावल्याबद्दल त्याला सॉरी म्हण, आणि सांग की कुणी त्रास दिला, घाणेरडं काही पाठवलं, किंवा तूच काही नको ते पाठवून बसलास तरी माझ्याकडे ये, त्यासाठी फोन जाणार नाही. आणि हा शब्द पाळ, कितीही राग आला तरी.

मग जरा त्याच्या शेजारी बस आणि तो तिथं नेमकं करतो काय ते बघ, मध्ये काही बोलू नकोस. मित्रांशी गप्पा मारणं वेगळं, फोटो टाकून लाईक मोजत बसणं वेगळं आणि तासभर नुसतं रील्स सरकवणं वेगळं, तिघांना एकच नियम लावून चालत नाही. त्याला हट्टी म्हणण्याआधी हेही बघ की ते ॲप बनवलंयच तसं. स्क्रोल करत राहिलं तरी पान संपत नाही ही युक्ती 2006 मध्ये अझा रास्किन नावाच्या डिझायनरनं काढली आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. स्नॅपचॅटवर एक दिवस चुकला की स्ट्रीक, म्हणजे रोज एकमेकांना फोटो पाठवत राहिल्याची साखळी, तुटते, मुलांना वाटतं मैत्रीच तुटली. आपल्याला ते फालतू वाटतं, त्यांना नाही वाटत.

त्याच्या अकाउंटवर जन्मतारीख खरी आहे का ते पण दोघं मिळून तपासा. वय वाढवून टाकलं असेल तर इन्स्टाग्रामनं 2024 पासून टीनएजर्सना दिलेलं संरक्षण, म्हणजे आपोआप प्रायव्हेट अकाउंट वगैरे, त्याला बहुधा मिळणार नाही.

नियम सध्या एकच कर, रात्रीचा. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते, तेव्हा झोपताना सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुझा आणि त्याच्या बाबांचा सुद्धा. अलार्मसाठी साधं घड्याळ आण. पहिला आठवडा कटकट होईल, होऊ दे.

आणि झोप, जेवण, मित्र सगळंच सुटायला लागलं किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं बोलला तर वाट बघू नकोस, लगेच काउन्सेलरकडे ने.

उद्या दुपारी मी मोकळी आहे, तो काय म्हणाला ते फोन करून सांग.

तुझी ताई